गाव आणि शिवार : बेळगावच्या दक्षिण कडेचा अभ्यास



परिसर अभ्यासाच्या पुस्तकात ‘गाव’ आणि ‘शहर’ असे दोन वेगळे पाठ असतात. गावाच्या पाठात विहीर, बैलगाडी आणि देऊळ असते. शहराच्या पाठात रस्ते, दुकाने आणि महापालिका असते. आपल्या शाळेतील कितीतरी मुले मात्र या दोन्ही पाठांत एकदमच राहतात. घरपट्टी महापालिकेला भरायची, सिटी बसने शाळेला यायचे आणि सुगीच्या दिवसांत वडिलांबरोबर भात कापायला रानात जायचे. अनगोळ, वडगाव, शहापूर, मजगाव, अलारवाड, बसवन कुडची आणि कणबर्गी येथील मुलांना हे नवीन नाही. येळ्ळूर, धामणे, हलगा ही गावे अजून ग्रामपंचायतीत आहेत, पण तिथल्या गच्चीवरून शहराचे दिवे दिसतात. या कडेवरच्या वस्तीला काय म्हणायचे, गाव की शहर? या अंकात आम्ही त्याच प्रश्नाचा अभ्यास करायचे ठरवले आहे. आपला पाठ मुख्यतः दक्षिणेकडच्या, म्हणजे येळ्ळूरपासून वडगाव-हलग्यापर्यंतच्या पट्ट्यापुरता आहे.

गावाचे दोन भाग

आधी एक गोष्ट नीट समजून घेऊ. गाव म्हणजे नुसती घरे नव्हेत. गावाचे दोन भाग असतात. जिथे माणसे राहतात ते गावठाण, आणि जिथे माणसे कसतात ते शिवार. देऊळ, चावडी, गल्ल्या, तालीम, शाळा हे सारे गावठाणात असते. बांध, पाणंद, ओढा, विहीर, खळे हे शिवारात असते. जुन्या माणसांच्या बोलण्यात हे दोन्ही शब्द वेगळे न काढता येतात. ‘अनगोळचा’ म्हटला की त्याचे घर अनगोळात आणि रान अनगोळच्या शिवारात, असे धरूनच बोलणे होई.

शहर वाढते तेव्हा ते या दोन भागांना दोन वेगळ्या तऱ्हांनी गिळते. गावठाणाला ते आत घेते, पण मोडत नाही. गल्ल्या तशाच राहतात, देवळे राहतात, आडनावे राहतात. फक्त पाटी बदलते आणि गावाचा वॉर्ड होतो. शिवाराचे तसे होत नाही. शिवारावर एकदा घर बांधले की ते पुन्हा शिवार होत नाही. म्हणून गाव शहरात गेले का, हे पाहायचे असेल तर महापालिकेची हद्द पाहू नका, शिवार पाहा. अनगोळ आणि वडगाव महापालिकेच्या हद्दीत येऊन बरीच वर्षे झाली. पण ज्या घरातून अजून पेरणीला माणूस जातो, त्या घरापुरते तरी ते गावच आहे.

शहापूरची गोष्ट थोडी निराळी. ते १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होते आणि पेठ म्हणून, विणकरांचे गाव म्हणून नावाजलेले होते. वडगाव आणि खासबागेतही मागाचा आवाज आहे. म्हणजे या कडेला शेतकरी आणि विणकर शेजारी शेजारी राहत आले. पण आज आपला विषय शेती आहे, मागाविषयी पुढे कधीतरी.

इथे भातच का?

राजहंसगडावर, म्हणजेच येळ्ळूरच्या किल्ल्यावर, पावसाळ्यानंतर एकदा चढून उत्तरेकडे तोंड करून उभे राहा. सिद्धेश्वराच्या देवळापाशी वारा भरपूर असतो, टोपी सांभाळा. खाली हिरवा सपाट पट्टा दिसेल आणि त्याच्या पलीकडे शहराची पांढरी घरे दिसतील. बेळगावची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर आहे. पश्चिमेला सह्याद्री जवळ असल्यामुळे इथला पाऊस थोड्या अंतरात फार बदलतो. खानापूर तालुक्यातील कणकुंबी-जांबोटीकडे वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तर पूर्वेला सौंदत्ती-गोकाककडे पाच-सहाशे मिलिमीटरच्या आसपासच. बेळगाव या दोहोंच्या मध्ये आहे. त्यामुळे पश्चिमेकडे भात, पूर्वेकडे जोंधळा, आणि आपल्याकडे दोन्ही, असे पिकांचे चित्र पूर्वीपासून आहे.

मातीही तशीच दुहेरी आहे. उचगाव, हिंडलगा, बेळगुंदीकडे तांबडी माती, तिच्यात बटाटा आणि रताळी चांगली येतात. येळ्ळूर, अनगोळ, वडगाव, शहापूर, हलगा या शिवारांत बळ्ळारी नाल्याच्या दोन्ही अंगांना काळी, चिकट, पाणी धरून ठेवणारी माती आहे. जिच्यात पाणी पटकन मुरत नाही अशी जमीन घर बांधायला वाईट आणि भाताला उत्तम. आपल्या पूर्वजांना हे पुस्तकाशिवाय कळत होते. म्हणून त्यांनी गावठाण उंचवट्यावर, मुरमाड जागी बसवले आणि खोलगट भाग भाताला ठेवला.

या शिवाराचे वर्ष मे महिन्यात सुरू होते. वळीव पडून गेला की कुळवणी होते, आणि पुष्कळ शेतकरी कोरड्या मातीतच कुरीने भात पेरतात. हिला धूळवाफ पेरणी म्हणतात. मान्सून वेळेवर आला तर पेर साधते, लांबला तर बी पाखरे खातात. काही जण आधी तरवा टाकून, चिखलणी करून रोप लावतात. मग भांगलण, कोळपण, पुन्हा भांगलण. दिवाळीच्या सुमारास शिवार पिवळे होते आणि सुगी लागते. भात निघाल्यावर जमिनीत जी ओल राहते, तिच्यावरच मसूर, वाटाणा, हरभरा किंवा मोहरी पेरतात. या दुसऱ्या पिकाला वेगळे पाणी द्यावे लागत नाही, थंडी आणि दव यांवर ते येते. काळ्या मातीचे हे देणे आहे. पिंजर जनावरांना जाते, शेण रानात परत येते, आणि दूध शहरात जाते. बेळगावचा कुंदा पेढीत तयार होतो खरा, पण त्याची सुरुवात कडेच्या गावातील गोठ्यातच होते, हे खाताना आठवले तर बरे.

बासमतीची गोष्ट

आपल्या कडेच्या शिवारातील सर्वांत नावाजलेले पीक म्हणजे बेळगाव बासमती. जुने लोक सांगतात की एका घरात भात शिजला की गल्लीला कळत असे. यात अतिशयोक्ती थोडी आहे, पण फार नाही. सुवासिक तांदळात ‘टू-असेटिल-वन-पायरोलिन’ नावाचा पदार्थ असतो, त्याचा तो वास. नाव लांबलचक आहे, परीक्षेत येणार नाही. हा पदार्थ सगळ्या भातांत सारख्या प्रमाणात तयार होत नाही. बियाण्याचा वाण, माती, कापणीच्या वेळची थंडी या सर्वांवर तो अवलंबून असतो. त्यामुळे एका शिवारातील वाण दुसऱ्या ठिकाणी नेऊन लावला तर तोच वास येईलच असे नाही.

पण हा वाण आता फार कमी शेतांत दिसतो. त्याची कारणे सरळ आहेत. त्याचे ताट उंच वाढते आणि परतीच्या पावसात लोळते. तयार व्हायला वेळ लागतो, त्यामुळे मागचे मसूर-वाटाण्याचे पीक उशिरा पडते. उतारा कमी. त्याच्या जागी इंद्रायणी, इंटाण, शुभांगी असे वाण आले. इंद्रायणी पुणे जिल्ह्यातील वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून आलेला आहे, तोही वासाचा, आणि त्याचा उतारा जास्त. शेतकऱ्याने तो निवडला यात त्याची चूक काढता येणार नाही.

नावाचाही एक गुंता आहे. ‘बासमती’ या नावाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ते पंजाब, हरियाणा, हिमाचल, उत्तराखंड, दिल्ली आणि उत्तर प्रदेश व जम्मू-काश्मीर यांच्या काही भागांसाठी आहे. म्हणजे आपल्या तांदळाला बाजारात आपण काहीही म्हणत आलो असलो, तरी कायद्याच्या दृष्टीने बासमती हे नाव त्या प्रदेशाचे आहे. आमचे मत असे की भांडण नावाचे नाही, बियाण्याचे आहे. नाव बदलून घेता येईल. बी मात्र दरवर्षी कोणीतरी पेरून राखले तरच राहते. ज्यांच्या घरी अजून दोन-चार गुंठ्यांवर हा भात घरच्यापुरता लावतात, त्यांनी तो चालू ठेवावा ही विनंती.

गणिताचा तास

आता थोडे गणित. वही काढा.

एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद जागा. ३३ गुणिले ३३ म्हणजे १०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर, म्हणजे ४३,५६० चौरस फूट. शहरात ३० बाय ४० चा प्लॉट हा शब्द तुम्ही रोज ऐकता. तो १२०० चौरस फुटांचा, म्हणजे एक गुंठ्याहून थोडासाच मोठा.

भाताच्या शेताला चारी बाजूंनी बांध असतो. एका एकराच्या शेतात फक्त १० सेंटिमीटर, म्हणजे तुमच्या वितीच्या निम्मे, पाणी उभे आहे असे धरा. एक एकर म्हणजे सुमारे ४०४७ चौरस मीटर. त्याला ०.१ मीटरने गुणा. ४०४.७ घनमीटर येतात. एक घनमीटर म्हणजे हजार लिटर. तेव्हा एका एकरात सुमारे चार लाख लिटर पाणी थांबले. १०,००० लिटरचा टँकर धरला तर हे चाळीस टँकर झाले. आणि शंभर एकर शिवारात? चार कोटी लिटर.

हे पाणी शेतकऱ्याने आपल्या भातासाठी अडवलेले असते. पण त्याच वेळी ते शहरासाठीही अडवलेले असते, हे कोणी सांगत नाही. ते हळूहळू मुरते, विहिरींना जाते, उरलेले एका शेतातून दुसऱ्या शेतात उतरत सावकाश नाल्याला मिळते. त्याच शंभर एकरांवर घरे, सिमेंटचे रस्ते आणि फरशीची अंगणे झाली, तर तोच पाऊस तासाभरात गटारात आणि गटारातून नाल्यात येतो. नाल्याची रुंदी मात्र वाढत नाही. बहुधा ती कमीच होते.

आता बळ्ळारी नाल्याकडे या. हा नाला शहराच्या दक्षिणेच्या आणि पूर्वेच्या शिवारांतून वाहत शेवटी घटप्रभेच्या खोऱ्यात आणि तिथून कृष्णेला जातो. एकेकाळी त्याचे पाणी शेताला घेत असत. पुढे शहराचे सांडपाणी त्यात आले, गाळ साठला, जलपर्णी वाढली, कडेला भराव पडले. त्यामुळे मोठ्या पावसात पाणी पुढे न सरकता उलटे शिवारात पसरते. पेरलेले भात आठ-दहा दिवस पाण्याखाली राहिले की कुजते. मग दुबार पेरणी, दुबार बियाणे, दुबार मजुरी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शहरातही घरांत पाणी शिरले, तेव्हा पुष्कळांना पहिल्यांदाच कळले की नाल्याचा प्रश्न फक्त शेतकऱ्याचा नाही. शेतकरी तो त्याआधी कितीतरी वर्षे अर्ज-विनंत्यांतून सांगत होता.

शेत विकतात ते का?

हे वाचून कोणी म्हणेल, मग शेतकरी जमीन विकतोच कशाला? विकणाऱ्याला नावे ठेवणे सोपे आहे. त्याच्या बाजूने हिशेब करून पाहू.

समजा पणजोबांची सहा एकर जमीन होती. आपल्या भागात पुष्कळांच्या नावावर जमीन आली ती कूळ कायद्याने. कर्नाटकात १९७४ च्या दुरुस्तीनंतर कसणाऱ्या कुळाला जमिनीचा हक्क मिळाला. त्या पणजोबांना तीन मुलगे, प्रत्येकी दोन एकर. त्यांना दोन-दोन मुलगे, प्रत्येकी एक एकर. पुढच्या पिढीत पुन्हा दोन, म्हणजे वीस गुंठे. शिवाय बहिणींचाही वाटा आहे, आणि तो असलाच पाहिजे. कर्नाटकाने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलांइतकाच हक्क दिला. वीस गुंठ्यांत भात पिकवून एका घराचे वर्षभराचे जेवण कसेबसे निघते. शाळेची फी, दवाखाना आणि लग्न त्यातून निघत नाही. म्हणून थोरला उद्यमबागेत फौंड्रीत जातो, धाकटा रिक्षा चालवतो, आई मंडईत भाजी विकते, आणि शेत रविवारी व रजेच्या दिवशी होते. भांगलणीला माणूस मिळत नाही, मिळाला तर मजुरी परवडत नाही.

अशा वेळी दारात माणूस येतो आणि गुंठ्याला जो भाव सांगतो, तो भात पिकवून दोन पिढ्यांत मिळणार नाही असा असतो. पूर्वी कर्नाटकात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकत घेण्यावर बंधन होते. २०२० मध्ये भूसुधारणा कायद्यात दुरुस्ती होऊन ते निघाले, त्यामुळे घेणाऱ्यांची संख्याही वाढली. विकलेल्या पैशातून कोणी घर बांधतो, कोणी दूर खानापूरकडे स्वस्त जमीन घेतो, कोणी गाडी घेतो. गाडी दहा वर्षांत जुनी होते. पुढे काय, हे आमच्याहून तुमच्यापैकी काहींना जास्त माहीत आहे.

न विकताही जमीन जाते ती भूसंपादनात. रस्ते, प्रकल्प, सरकारी इमारती यांना जागा लागते आणि ती नेहमी शहराच्या कडेलाच मिळते. सुवर्ण विधानसौध हलगा-बस्तवाडच्या माळावर उभे राहिले, त्याचे उद्घाटन ११ ऑक्टोबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते झाले. सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पही हलगा शिवारातच आला. सर्वांत मोठा वाद झाला हलगा-मच्छे बायपासचा. पुणे-बेंगळूर महामार्ग खानापूर रस्त्याला जोडण्यासाठी आखलेला हा रस्ता याच सुपीक पट्ट्यातून जातो. शेतकरी न्यायालयात गेले, काम अनेकदा थांबले आणि पुन्हा सुरू झाले. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये ऐन सुगीत पोलीस बंदोबस्तात यंत्रे शेतात उतरली तेव्हा मोठा प्रक्षोभ झाला. त्या दिवशी ज्यांचे उभे पीक गेले, त्यांची मुले आपल्यासारख्याच शाळांत शिकत होती. त्यांच्यासाठी ही बातमी वर्तमानपत्रातली नव्हती.

रस्ता नको असे कोणी म्हणत नाही. शहरातील अवजड वाहनांची कोंडी आपण रोज पाहतो. पण रस्ता माळावरून नेता येतो का, याचा विचार आधी व्हावा, असे शेतकरी म्हणतात, आणि आम्हाला ते रास्त वाटते. काळी जमीन थोडीच आहे. माळ पुष्कळ आहे.

मोबदल्याचा कायदाही समजून घ्या, कारण मोठे झाल्यावर तुमच्यापैकी कोणाला तरी तो उपयोगी पडेल. १८९४ चा इंग्रजांचा भूसंपादन कायदा जाऊन १ जानेवारी २०१४ पासून नवा कायदा लागू झाला. त्यानुसार बाजारभावाला आधी एका आकड्याने गुणतात आणि मग तेवढीच रक्कम सांत्वना म्हणून वर देतात. शहरी भागात तो आकडा १ आहे. ग्रामीण भागात तो १ ते २ च्या दरम्यान असतो. म्हणजे शहरात बाजारभावाच्या दुप्पट आणि ग्रामीण भागात जास्तीत जास्त चौपट. तेव्हा तुमचे शेत महापालिकेच्या हद्दीत आहे की ग्रामपंचायतीच्या, या एका रेषेने मोबदल्याचा हिशेब बदलतो. भात दोन्हीकडे सारखाच येतो. आणि ‘बाजारभाव’ म्हणजे कागदावर नोंदलेला भाव. खरेदीखतात भाव कमी दाखवण्याची खोड आपल्याकडे जुनी आहे, तिचा तोटा मग सगळ्या शिवाराला होतो.

शेतीबरोबर काय काय जाते?

शेती गेली की भात जातो हे सगळ्यांना दिसते. त्याच्यामागून जे जाते ते उशिरा दिसते.

वडगावची मंगाई देवीची यात्रा घ्या. ती आषाढातल्या मंगळवारी भरते. यात्रेआधी गावात वार पाळतात. त्या दिवशी औत धरायचे नाही आणि रानात जायचे नाही. पेरणीची घाई उरकून माणसे आणि बैल दमलेले असतात, त्याच वेळी ही सक्तीची सुटी येते. यात्रा आजही मोठी भरते, शहरभरातून माणसे येतात. पण ज्याच्याकडे औतच नाही त्याने वार पाळायचा म्हणजे काय करायचे? तो त्या दिवशीही कामावर जातोच. यात्रा राहते आणि तिचे कारण विसरते.

पाणंदीचेही तसेच. शेताला जाणारी गाडीवाट कोणा एकाची नसते, सगळ्यांची असते. पावसाळ्याआधी सगळे मिळून तिच्यावर मुरूम टाकीत, नाल्याचा गाळ काढीत. मधली दोन शेते प्लॉट झाली, कुंपण पडले, की मागच्या दहा जणांची वाट बंद. मग तेही विकायला लागतात. शिवार असे मधूनच उसवते. आम्ही म्हणू की शेत विकण्याआधी शेजाऱ्याशी बोलावे, निदान वाट तरी राखावी. एवढे पाळले तरी पुष्कळ शेते वाचतील.

आणि आपली भाषा. तरवा, कुरी, भांगलण, पिंजर, पाणंद, ओलीवर येणारे पीक हे शब्द या लेखात आले. तुमच्यापैकी किती जणांना ते अर्थ न विचारता कळले, हे तुमच्या वर्गशिक्षकांना सांगा. शेताशेताला नाव असते. वडाची पट्टी, विहिरीकडचे, खालचे थळ, अशी घरोघरची नावे कोणत्याच उताऱ्यावर लिहिलेली नसतात. तिथे फक्त सर्व्हे नंबर असतो. सीमाभागात मराठी टिकली ती सभांमुळे आणि शाळांमुळे, तशीच ती या रानातल्या बोलण्यामुळेही टिकली. येळ्ळूर, कडोली, उचगाव, बेळगुंदी, सांबरा अशा शेतकऱ्यांच्या गावांत दरवर्षी मराठी साहित्य संमेलने भरतात. ज्यांच्या घरी सकाळी जनावरांची धार निघते, तेच संध्याकाळी मांडवात कविता ऐकायला बसतात. एवढी संमेलने शहराच्या मध्यवस्तीतही होत नाहीत.

दक्षिणेकडचे चित्र काळजीचे असले तरी प्रत्येक कडेला तसेच आहे असे नाही. कडोलीकडची कोबी, गाजर, बीट, पश्चिमेची बटाटे-रताळी आणि बसवन कुडचीची भाजी यांना चांगला बाजार आहे. बेळगावची भाजी रोज घाट उतरून गोव्यात जाते. पणजी-म्हापशातील आपल्या नातेवाइकांच्या ताटातली पालेभाजी पुष्कळदा इथलीच असते. नवरात्रात रताळ्यांच्या गाड्या लांबच्या राज्यांत जातात. ज्या गावांना असे पीक सापडले, तिथे तरुण मुलगा शेतात दिसतो. जिथे नुसते भातच आहे, तिथे तो कमी दिसतो. यावर काय करता येईल? बासमती थोड्या जागेत लावून थेट ग्राहकाला विकणे, भातानंतरची मसूर डाळ गावातच भरडून विकणे, असे प्रयत्न करण्यासारखे आहेत. शहर दाराशी आले आहे, तर ग्राहकही दाराशीच आला आहे. ही बाजू आपल्याकडे कमी विचारात घेतली जाते.

सुटीतील काम

१. आपल्या घरचे किंवा शेजाऱ्यांचे एक शेत निवडा. त्याचे घरात चालणारे नाव, सर्व्हे नंबर आणि चतुःसीमा लिहा. चतुःसीमा म्हणजे चारही बाजूंना कोणाची शेते, ओढा किंवा वाट आहे ते.

२. आजी-आजोबांना विचारून वीस शेतीचे शब्द जमवा. प्रत्येकापुढे अर्थ आणि एक वाक्य हवे. अवजार असेल तर चित्र काढा. ते वापरात आहे की माळ्यावर पडून आहे, तेही लिहा.

३. तुमच्या शेताचे क्षेत्रफळ गुंठ्यांत घ्या आणि १० सेंटिमीटर पाणी साठले तर किती लिटर होईल ते काढा. ज्यांचे शेत नाही त्यांनी शाळेच्या मैदानावर हा हिशेब करावा. मग मैदानावरचे पाणी पावसात कोणत्या गटाराने कुठे जाते, ते पावसाळ्यात एकदा छत्री घेऊन पाहावे. एकट्याने नाल्याकडे जाऊ नये, घरच्या मोठ्या माणसाला बरोबर घ्यावे.

४. घरात बेळगाव बासमतीचे बी असेल तर मूठभर कागदाच्या पुडीत घालून आणा. पुडीवर गाव, शेताचे नाव आणि कोणत्या सालच्या सुगीचे आहे ते लिहा. प्लास्टिकची पिशवी नको, बी घामेजते. आलेल्या पुड्या विज्ञानाच्या खोलीत ठेवू आणि मे महिन्यात शाळेमागच्या वाफ्यात पेरू.